वाचकांचे प्रश्न : फाईल आहे कुठे, आणि ती तीच आहे का?

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या संस्थेत कणांच्या टकरी घडवणारं लार्ज हेड्रॉन कोलायडर हे यंत्र आहे. त्यातला डेटा जगभरातल्या संगणकांवर, म्हणजे ‘ग्रिड’ नावाच्या जाळ्यावर, कसा वाटून ठेवतात याविषयी मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर ठाणे-नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

ठाणे-बेलापूर रस्त्याला ऐरोली ते महापे नुसती डेटा सेंटरच डेटा सेंटर उभी आहेत. मी त्यातल्याच एकात कामाला आहे. सर्नसारख्या संस्थेने एकच अवाढव्य डेटा सेंटर बांधून सगळं तिथेच का ठेवलं नाही? आणि आता क्लाउड का घेत नाहीत?
— वाचक, ऐरोली

आधी आकडे पाहू. सीएमएस या कोलायडरवरच्या प्रयोगात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांना भिडू शकतात. एका इव्हेंटची, म्हणजे अशा एका भिडण्याची, कच्ची नोंद साधारण १ एमबीची असते. सगळं लिहून ठेवायचं तर सेकंदाला ४० टीबी लागतील, म्हणजे तो विचारच सोडा. म्हणून ट्रिगर नावाची दोन पदरी चाळणी लावलेली असते. पहिला पदर खास इलेक्ट्रॉनिक्सचा, त्यातून सेकंदाला १ लाखापर्यंत इव्हेंट पुढे जातात. दुसरा पदर संगणकांचा, त्यातून २०१५ ते २०१८ च्या काळात साधारण हजारभर उरत. म्हणजे सेकंदाला १ जीबी कायमचं लिहायचं. त्यावर प्रक्रिया केलेल्या आवृत्त्या येतात आणि तुलनेसाठी संगणकावर तयार केलेले कृत्रिम इव्हेंटही येतात. त्या कृत्रिम इव्हेंटांचं ओझं कमी नसतं.

एकाच जागी न ठेवण्याचं मोठं कारण तांत्रिक नाही, पैशाचं आहे. सर्नच्या परिषदेने सप्टेंबर २००१ मध्ये या संगणन प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हाही एवढी यंत्रं एकट्या जिनिव्हात घेणं झेपणारं नव्हतं. देशोदेशींची सरकारं आपल्या विद्यापीठात यंत्र घ्यायला, आपली माणसं तयार करायला पैसे देतात. परदेशातल्या इमारतीसाठी तितक्या खुशीने देत नाहीत. मग जिथे पैसा तिथे यंत्र, आणि मधला सांधा सॉफ्टवेअरने जोडायचा असं ठरलं. कच्च्या डेटाची एक प्रत जिनिव्हाजवळच्या टिअर-० मध्ये, म्हणजे सर्नच्या मुख्य केंद्रात, टेपवर राहते आणि दुसरी प्रत देशोदेशींच्या मोठ्या, टिअर-१ केंद्रांमध्ये वाटलेली असते. शिकागोजवळचं फर्मीलॅब, कार्ल्सरुह, बोलोन्या, बार्सिलोना ही त्यांतली काही. त्याखाली लहान, टिअर-२ केंद्रं येतात. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सीएमएससाठी आणि कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन केंद्रात कोलायडरवरच्याच ॲलिस प्रयोगासाठी अशी केंद्रं आहेत. तुमच्यासमोरच्या खाडीपलीकडच्या बीएआरसीचाही या ग्रिडला हातभार आहे. ग्रिडवर लक्ष ठेवणाऱ्या ग्रिडव्ह्यू या प्रणालीच्या बांधणीत तिथल्या मंडळींचा वाटा होता.

क्लाउडचे प्रयोग झाले आहेत, अधूनमधून होतातही. पण क्लाउड स्वस्त पडतो तो चार दिवस लागणाऱ्या यंत्रांना. इथली यंत्रं बाराही महिने, चोवीस तास भरलेली असतात. अशा वेळी भाड्यापेक्षा घरचं बरं. शिवाय क्लाउडमधून डेटा बाहेर काढताना जीबीमागे पैसे मोजावे लागतात आणि इथे तर एकच फाईल पन्नास जण पन्नास ठिकाणांहून मागतात. तुमच्या बिलिंग विभागात विचारून पाहा, हा आकडा ते तोंडपाठ सांगतील.

आमच्या कंपनीत सेन्सरच्या नोंदींच्या २ लाख फायली आहेत, प्रत्येकी साधारण १ एमबीच्या. त्या युरोपातल्या सर्व्हरवर पाठवायच्या आहेत. लाईन १ जीबीपीएसची. एक मोठी फाईल झपाट्याने जाते, पण या फायलींना दोन दिवसांच्या वर लागतात. लाईन वाढवून घ्यावी का?
— वाचक, वाशी

लाईनवर पैसा घालू नका, आधी हिशोब पाहा. २ लाख फायली म्हणजे २०० जीबी. १ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला १२५ एमबी, तेव्हा नुसता डेटा जायला १,६०० सेकंद, अर्ध्या तासाच्या आत. बाकीचा वेळ जातो तो फायलीमागच्या सोपस्कारांत. जोडणी उघडणं, एन्क्रिप्शनची देवाणघेवाण, ओळख पटवणं, पलीकडे जागा नि नाव राखून ठेवणं, शेवटी चेकसम (फाईल जशीच्या तशी पोचली का हे पडताळायचा, तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा) विचारून बंद करणं. प्रत्येक टप्प्याला एक फेरी. युरोपापर्यंत जाऊन-येऊन १५० मिलिसेकंद धरले तर सहा-सात फेऱ्यांत जवळपास १ सेकंद संपतो. २ लाख फायली, २ लाख सेकंद, म्हणजे साडेपंचावन्न तास. तुमचे ‘दोन दिवसांच्या वर’ इथेच सापडले. १० जीबीपीएसची लाईन घेतलीत तर या साडेपंचावन्न तासांतला एक मिनिटही कमी होणार नाही.

उपाय म्हणजे फायली जोडून मोठ्या करणं. कणभौतिकीवाले २ ते ४ जीबीची फाईल पसंत करतात. तुमच्या २ लाखांच्या २ जीबीच्या १०० फायली होतील आणि सोपस्कारांना उरतील १०० सेकंद. टार या गठ्ठा बांधणाऱ्या आज्ञेने बांधलंत तरी चालेल, फक्त आतल्या प्रत्येक फायलीच्या चेकसमची यादी सोबत ठेवा. जोडणं शक्यच नसेल तर एका वेळी २०-३० फायली समांतर सोडा. फेऱ्यांचा वेळ तेवढ्याने भागला जातो.

एवढं करूनही वेग मिळाला नाही, तर टीसीपीची, म्हणजे पोच घेत डेटा पाठवण्याच्या नेटवर्कच्या नियमाची, खिडकी बघा. पोच येईपर्यंत किती डेटा वाटेत असू शकतो, यावर ती मर्यादा घालते. लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत घेणाऱ्या बाजूच्या बफरची कमाल मर्यादा मुळात ६ एमबीच्या आसपास असते. १५० मिलिसेकंदांत ६ एमबी म्हणजे सेकंदाला फार तर ४० एमबी, मग लाईन कितीही रुंद असो. १ जीबीपीएस पूर्ण भरायची तर वाटेत सुमारे १९ एमबी हवेत, १० जीबीपीएसला १८८. ही मर्यादा दोन्ही टोकांना वाढवावी लागते. एकाच टोकाला वाढवून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

चेकसमबद्दल एक बारीक गोष्ट. ग्रिडवर ॲडलर-३२ नावाचा चेकसम वापरतात, कारण फाईल वाहत असतानाच तो काढता येतो. तो ८ षोडशमान (० ते ९ आणि a ते f) अंकांत लिहितात. काही हत्यारं सुरुवातीचं शून्य गाळून ७ अंक छापतात. मग तुलना अक्षरांची असेल तर धडधाकट फाईल ‘बिघडलेली’ ठरते. सोळातल्या एका फायलीला हे होऊ शकतं. साधारण ६ टक्के फायली विनाकारण नापास होत असतील, तर नेटवर्कवाल्याला फोन करण्याआधी शून्यं मोजा. आणि हा चेकसम चुकून झालेला बिघाड पकडतो, मुद्दाम केलेला नाही. तुमच्या १ एमबीच्या फायलींसाठी शा-२५६ हा जास्त भक्कम चेकसम ठेवलात तर वेळेत फारसा फरक पडणार नाही.

मी अकरावीत आहे. माझ्या लॅपटॉपवरून सर्नच्या कामाला मदत करता येते का?
— विद्यार्थी, कळवा

येते. एलएचसी ॲट होम हा प्रकल्प २००४ पासून चालू आहे. बॉइंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं आणि त्यात हा प्रकल्प निवडायचा. काही कामांना सोबत व्हर्च्युअलबॉक्सही लागतं. सेटिंगमध्ये ‘बॅटरीवर असताना चालू नको’ हे आधी निवड आणि प्रोसेसरचा वापर निम्म्यावर आण, नाहीतर मे महिन्यात पंख्याचा आवाज ऐकूनच घरचे बंद करायला लावतील. लॅपटॉप गादीवर ठेवून चालवू नकोस. जादा ४० वॅट धरले तर १० तासांना ०.४ युनिट लागतं. तेवढं घरी सांगून ठेव.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ग्रिडवर ५०० जॉब (वेगवेगळी चालणारी कामं) टाकले. ४३० पूर्ण झाले, काही होल्डवर गेले, काही फेल. मार्गदर्शक म्हणतात सगळे परत टाक. तसं करावं का?
— विद्यार्थिनी, ठाणे पश्चिम

सगळे नको. उरलेले ७० सुद्धा लगेच नको. आधी त्यांची वर्गवारी करा: एरर कोड, केंद्र, यंत्राचं नाव, इनपुट फाईल, किती वेळाने मेला. एवढे पाच रकाने एका तक्त्यात भरले की कारण बहुधा समोर दिसतं.

एकाच इनपुट फायलीवरचे जॉब मरत असतील तर त्या केंद्रातली प्रत खराब आहे किंवा नाहीशी झाली आहे. दुसऱ्या केंद्रातली प्रत वाचायला सांगा. सगळे साधारण बाराव्या तासाला मेले असतील तर प्रॉक्सी, म्हणजे तुमचं तात्पुरतं ओळखपत्र, संपली. ही प्रॉक्सी लोकलच्या पाससारखी असते, तारीख उलटली की दारातच अडवतात. ती बनवताना मुदत सांगितली नाही तर १२ तासांची मिळते. रांगेत ताटकळण्याचा वेळही त्यातच मोजला जातो, म्हणून जॉब सुरू होण्याआधीच मुदत संपलेली असू शकते. ‘प्रॉक्सी अजून वैध नाही’ असा विचित्र निरोप आला, तर तुमच्या यंत्राचं घड्याळ चुकतंय.

होल्डवरच्या जॉबांचं कारण, रांग सांभाळणाऱ्या एचटीकॉन्डर या सॉफ्टवेअरच्या रांगेच्या आज्ञेला होल्डचा पर्याय जोडला की लिहून येतं. बहुतेक वेळा ते मेमरीचं असतं. ग्रिडवर एका कोअरमागे २ जीबी हा रिवाज आहे. तुमचा जॉब २.६ जीबीपर्यंत गेला की यंत्रणा त्याला बाजूला बसवते. मेमरी वाढवून मागता येते, पण तेवढी रिकामी जागा कमी यंत्रांवर सापडते आणि रांग लांबते. आधी हे बघा की मेमरी इव्हेंटागणिक वाढत जाते का. वाढत असेल तर लूपमध्ये काहीतरी तयार होतंय आणि सोडलं जात नाही. तो तुमच्या प्रोग्रामचा दोष, मागणी वाढवून झाकू नका.

आणि ७० पैकी ५०-६० जॉब एकाच यंत्रावर, प्रत्येकी मिनिटभरात मेले असतील, तर ते यंत्र ‘कृष्णविवर’ झालंय. त्यावर सॉफ्टवेअरचा फाईलसिस्टिम बसलेला नसतो किंवा डिस्क भरलेली असते. जॉब लगेच मरतो, यंत्र लगेच मोकळं होतं आणि रांगेतला पुढचा जॉब पुन्हा त्याच्याच तोंडी जातो. धडधाकट यंत्र एक जॉब चार तास चालवतं, हे तेवढ्यात दोनशे गिळतं. त्या यंत्राचं नाव वगळण्याची अट जॉबमध्ये घाला आणि केंद्राला कळवा.

आता ‘सगळे परत टाक’ मधला खरा धोका. फेल दिसलेला जॉब कधीकधी काम पुरं करून, आउटपुट लिहून, फक्त शेवटचा निरोप देताना मेलेला असतो. तो पुन्हा चालवला की दोन परिणाम होऊ शकतात. एक, ‘फाईल आधीच आहे’ म्हणून नवा जॉबही मरतो. दुसरा जास्त वाईट: नाव वेगळं पडतं, दोन्ही फायली राहतात आणि जोडताना तेच इव्हेंट दोनदा मोजले जातात. आलेख छानच दिसतो, चूक फक्त उंचीत असते. जोडल्यानंतर रन (डेटा घेण्याचं सत्र), लुमी-विभाग (त्या सत्राचा छोटा तुकडा) आणि इव्हेंट क्रमांक ही तिकडी कुठे पुन्हा येते का, हे तपासल्याशिवाय मार्गदर्शकांना आलेख दाखवू नका.

एवढ्या फायली, एवढे देश. एखादी हरवली तर कुणाला कळतं?
— निवृत्त बँक कर्मचारी, खारघर

बँकेतला ताळमेळ तुम्ही जन्मभर केलात, इथेही तोच प्रकार. रूसिओ नावाची प्रणाली खातेवहीचं काम करते. कोलायडरवरच्या ॲटलास प्रयोगात ती २०१४ च्या अखेरीस रुजू झाली, पुढे सीएमएसनेही घेतली. कोणत्या फाईलची प्रत कोणत्या केंद्रात, आकार किती, चेकसम काय, हे त्यात असतं. पण वही म्हणजे तिजोरी नव्हे. डिस्क मरते, कुणी हाताने फाईल पुसतं, पाठवणी अर्धवट राहते.

म्हणून केंद्र ठराविक दिवसांनी आपल्याकडच्या सगळ्या फायलींची यादी काढतं आणि ती वहीशी ताडतात. गंमत अशी की एका वहीशी ताडून भागत नाही. यादी काढायलाच काही तास जातात, आणि त्या वेळात फायली येत-जात असतात. समजा मंगळवारी केंद्राची यादी काढली. मग सोमवारची वही आणि बुधवारची वही, दोन्ही घ्यायच्या. सोमवारीही वहीत होती, बुधवारीही आहे, पण मंगळवारच्या यादीत नाही, ती हरवलेली. मंगळवारी केंद्रात आहे, पण दोन्ही वह्यांत नाही, ती ‘डार्क डेटा’, म्हणजे जागा अडवणारी बेवारस फाईल. एकाच वहीत असलेली फाईल त्या दरम्यान आली किंवा गेली. तिला हात लावायचा नाही. एकाच वहीवर भरवसा ठेवून बेवारस म्हणून पुसलेली फाईल आदल्या रात्रीच आलेली निघाली, तर ती गेली.

हरवलेल्या फाईलची दुसरी प्रत असेल तर रूसिओ आपणहून तिथून मागवतं. कारण त्यात ‘फाईल अमुक ठिकाणी ठेव’ असा हुकूम नसतो, ‘या डेटाच्या दोन प्रती टिअर-१ डिस्कवर असल्या पाहिजेत’ असा नियम असतो, आणि तो पाळला जातोय का हे यंत्रणा पाहत राहते. याची दुसरी बाजू विद्यार्थ्यांना भोवते. नियमाला मुदत असते. मुदत संपली, दुसरा कुणाचा नियम त्या फाईलवर नाही, की जागा लागेल तेव्हा ती पुसली जाते. यंत्रणेच्या लेखी ती हरवलेली नसतेच, तक्रार करायला जागा नाही.

शेवटचा आधार टेपचा. एलटीओ-९ या प्रकारची एक टेप १८ टीबी धरते आणि नुसती ठेवून दिली तर वीज खात नाही. पण फाईल हवी असली की रोबोने टेप आणायची, बसवायची, गुंडाळत नेमक्या जागी न्यायची, यात मिनिट-दोन मिनिटं जातात. म्हणून मागण्या एकेक न पाठवता गठ्ठ्याने द्याव्यात, म्हणजे एकदा बसवलेल्या टेपवरचं सगळं एका फेरीत वाचून होतं.

आमच्या महाविद्यालयात १२ जुने संगणक आहेत: ४ कोअर, ८ जीबी रॅम, ५०० जीबी डिस्क. त्यांवर खऱ्या डेटाचं छोटं ग्रिड उभारून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दाखवायचं आहे. काय लागेल?
— प्राध्यापिका, कोपरखैरणे

डेटापासून सुरू करा. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसची २०१२ मधली दोन म्यूऑनांची (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) एक आटोपशीर फाईल मोफत आहे: ६ कोटी १५ लाख इव्हेंट आणि आकार २ जीबीच्या थोडा वर. प्रत्येक म्यूऑनचा आडवा संवेग, दिशेचे दोन कोन, वस्तुमान आणि विद्युतभार एवढंच तिच्यात आहे. विरुद्ध भाराच्या जोड्या निवडून वस्तुमान काढलं की ३.१ जीईव्हीला (जीईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचं माप) जे-साय या कणाचं आणि ९१ जीईव्हीला झेड या कणाचं शिखर दिसतं. खरं सांगायचं तर एवढ्या कामाला ग्रिड लागत नाही, एक बरा लॅपटॉप पुरतो. तुम्ही शिकवताय ते वाटणी आणि हिशोब, तेवढ्यासाठी ही फाईल उत्तम.

पहिला अडथळा बहुधा केबलचा येईल. स्विच १ जीबीपीएसचा असूनही जुन्या केबलमध्ये आठातल्या चारच तारा धड असतील, तर जोडणी गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरते. प्रत्येक यंत्रावर इथटूल ही आज्ञा चालवून वेग वाचा. फाईल बाराही यंत्रांवर न्यायची म्हणजे २५ जीबी. पूर्ण वेगाने चार-पाच मिनिटं, १०० वर उतरलेल्या सर्व्हरवरून पाऊण तासाच्या आसपास. आणि ती न्यायचीच, सामायिक फोल्डरवरून वाचायची नाही. बारा यंत्रांनी एकाच फिरत्या डिस्कवरून वेगवेगळे तुकडे मागितले की तिची सुई इकडून तिकडे पळत राहते आणि सगळेच रखडतात. डेटा आधी जागेवर, मग जॉब डेटापाशी, हे मुलांना दाखवायचं असेल तर दोन्ही प्रकारे चालवून वेळ फळ्यावर लिहा.

सगळ्यांवर एकच लिनक्स, पायथनची एकच आवृत्ती आणि एचटीकॉन्डर टाका. एक यंत्र व्यवस्थापक, उरलेली अकरा कामकरी. आयपी पत्ते कायमचे बांधून द्या, नाहीतर सोमवारी सकाळी अर्धी यंत्रं ओळख विसरलेली असतील. एचटीकॉन्डरचं ९६१८ हे पोर्ट आतल्या जाळ्यात उघडं ठेवा, बाहेर बंद. क्रोनीने घड्याळं जुळवा. ८ जीबीतली २ जीबी लिनक्सला सोडली की २ जीबीचे तीनच जॉब एका यंत्रावर बसतात. चौथा कोअर रिकामा राहतो, राहू द्या. तोही भरला की स्वॅप (मेमरी अपुरी पडून डिस्क वापरणं) सुरू होतो आणि चारही रखडतात. म्हणजे एकूण ३३ जॉब एका वेळी.

दिवसा मुलं त्याच संगणकांवर बसणार. कीबोर्डला १५ मिनिटं हात लागला नाही तरच जॉब घ्यायचा, अशी अट एचटीकॉन्डरमध्ये घालता येते. हात लागला की जॉब हटवला जातो आणि नंतर पहिल्यापासून सुरू होतो. पावसाळ्यात वीज गेली तरी तेच. त्यामुळे जॉब छोटे हवेत: ६ कोटी १५ लाखांचे १२३ तुकडे करा, प्रत्येकी ५ लाखांचे (वरचे ४० हजारभर शेवटच्या तुकड्यात), म्हणजे कुणी उठवलं तरी थोडंच काम वाया जाईल. फार बारीकही नको. जॉब सुरू होऊन लायब्ररी उघडेपर्यंतच अर्धं मिनिट जात असेल, तर पाच सेकंदांच्या कामाला अर्थ नाही. आधी एक जॉब हाताने चालवून वेळ मोजा, मग तुकड्याचा आकार ठरवा. बारा यंत्रं मॉनिटरविना साधारण दीड किलोवॅट ओढतात. सगळ्यांना यूपीएस परवडत नसेल तर व्यवस्थापक आणि स्विच या दोघांना तरी द्या, रांग त्यांच्याकडे असते.

प्रत्येक जॉबने आलेखासोबत दोन आकडे लिहायचे: किती इव्हेंट वाचले, किती जोड्या निवडल्या. तुकड्यांच्या सीमा चुकणं ही नेहमीची चूक. ‘५ लाखापर्यंत’ मध्ये ५ लाखावा धरला की नाही, यावरून १२२ सीमांवर एकेक इव्हेंट दोनदा येतो किंवा गळतो. शिखरं जागच्या जागी दिसतील, कुणाला शंका येणार नाही. वाचलेल्या इव्हेंटांची बेरीज फाईलमधल्या आकड्याशी, ६,१५,४०,४१३ शी, शेवटच्या अंकापर्यंत जुळते का ते मुलांकडून करून घ्या. ६,१५,४०,५३५ आले, तर सीमा कुठे चुकली ते त्यांना लगेच सांगता येईल.